पैदाशीच्या बोकडाचा खुराक

मृगाचे दोनचार पाऊस पडून रानांत कोवळा पाला फुटला म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यांत शेळ्या माजावर येऊं लागतात. आपल्या हवेंत शेळी वर्षभर थोड्याफार प्रमाणांत माजावर येतच असते. परंतु ज्येष्ठ-आषाढांत हें प्रमाण विशेष असतें, आणि हाच माज शेतकऱ्याच्या फायद्याचा असतो. जूनच्या अखेरीस फळलेली शेळी सुमारें पांच महिन्यांनीं, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस विते. त्या वेळीं बांधांवर हिरवें शिल्लक असतें, पुढें तुरीचा पाला व हरभऱ्याचें भुसकट हातीं येतें, शेळीस दूध राहतें, आणि उन्हाळ्याचा ताव सुरू होण्यापूर्वीं करडूं आपल्या पायांवर उभें राहतें. तीच शेळी दोनदां उलटली तर काय होतें तें पहा. एक उलटणें म्हणजे एकवीस दिवस; दोनदां म्हणजे बेचाळीस. शेळी जानेवारीच्या मध्यास विते, करडूं तीन महिन्यांचें होऊन दूध तुटावयाच्या वेळीं एप्रिल उजाडतो, आणि रानांत बाभळीच्या शेंगांखेरीज कांहीं उरलेलें नसतें. अशा करडांपैकीं किती जगतात व जगलेलीं किती खुरटतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

उलटलेल्या शेळीचा दोष आपल्याकडे नेहमीं शेळीवरच येतो. ती दोनतीनदां उलटली कीं वांझ ठरते व सांगोल्याच्या किंवा जवळच्या दुसऱ्या एखाद्या बाजाराची वाट धरते. गेल्या सालापर्यंत जुळीं देणारी शेळी यंदा एकाएकीं वांझ कशी झाली, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. बोकडाकडे तर कोणी बोटही दाखवीत नाहीं; तो उड्या मारतो, वास मारतो, एवढ्यावर त्याची परीक्षा संपते. वास्तविक पंचवीस शेळ्यांत एक शेळी वांझ निघाली तर नुकसान एका शेळीचें. बोकड निकामी निघाला तर तें पंचविसांचें, आणि गांवांत बोकड एकच असला तर आळीच्या आळी त्यांत सांपडते. ज्या घरीं दोनच शेळ्या आहेत व त्यांवर मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागतो, त्या घरास हा घाव फार खोल लागतो.

आमचें मत असें आहे कीं, या जिल्ह्यांत शेळ्या वेळेवर न फळण्याचें एक मोठें, आणि सहज टाळतां येण्यासारखें, कारण म्हणजे पैदाशीच्या बोकडाची उन्हाळ्यांत होणारी उपासमार होय. हें मत कित्येकांस विचित्र वाटेल, म्हणून त्यामागील कारणपरंपरा थोडी सविस्तर सांगतों.

बोकडाच्या वृषणांत शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें ४८ दिवस लागतात. तेथून निघून वृषणास लगटलेल्या वेटोळ्याच्या नळींत ते परिपक्व होण्यास आणखी दहाबारा दिवस जातात. म्हणजे जूनच्या वीस तारखेस बोकड शेळीस लागला, तर त्या दिवशीं त्यानें दिलेलें बीज एप्रिलच्या वीस तारखेच्या सुमारास घडूं लागलेलें असतें. आतां एप्रिलच्या वीस तारखेस आमचा बोकड काय खात होता, याची आठवण करावी. पारा चाळिसाच्या वर गेलेला, माळरान भाजून निघालेलें, गव्हाणींत असलाच तर गतसालचा कडबा, आणि पाणी दिवसांतून एक वेळ. जूनमध्यें पाला फुटल्यावर तो चार दिवसांत तकतकीत दिसूं लागतो हें खरें. परंतु कातडीवर तेज आलें म्हणून साठ दिवसांपूर्वीं अर्धपोटीं घडलेलें बीज सुधारत नाहीं. जूनमधील खुराकाचें फळ ऑगस्टमध्यें दिसावयाचें, आणि तोंवर हंगाम निघून गेलेला असतो.

शरीरांतील इतर अवयवांपेक्षां वृषणावर खाण्याच्या कमीजास्तीचा परिणाम लवकर व ठळक दिसतो. ऑस्ट्रेलियांत मेरिनो जातीच्या एडक्यांस ल्यूपिन नांवाचें कडधान्य कांहीं आठवडे चारल्यावर त्यांच्या वृषणांचा आकार वाढलेला आढळला, आणि आकार वाढला म्हणजे बीजाचें प्रमाणही वाढतें. त्याच देशांत १९९० नंतरच्या दशकांत काश्मिरी लोकरीच्या बोकडांवर प्रयोग झाले. ज्यांस चांगला खुराक दिला त्यांचीं वृषणें तर मोठीं झालींच, पण त्यांचा वासही उग्र झाला, आणि अशा बोकडांच्या सहवासानें अधिक शेळ्या माजावर आल्या. ही शेवटची गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. बोकडाच्या वासानें व वागण्यानें शेळी माजावर येते, हें आपल्या धनगरबंधूंस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो वास पोटभर खाल्ल्यावांचून येत नाहीं, एवढी भर या प्रयोगांनीं घातली. अर्थात् उपाशी बोकड दुहेरी तोटा करतो: त्याचें बीज कमी पडतें, आणि शेळ्याही माजावर येण्यास उशीर करतात.

वळूस खुराक लागतो हें आमच्या शेतकऱ्यास पटवून द्यावें लागत नाहीं. खिलार वळू पाळणारा गृहस्थ स्वतःच्या मुलांच्या तोंडचें दूध व अंडीं त्यास घालतो. त्याच्या अंगावरून हात फिरवीत तासन्‌तास बसतो. बकरी ईदेसाठीं राखलेल्या बोकडासही मका, हरभरा, पेंड, सर्व कांहीं मिळतें, आणि तें योग्यच आहे, कारण त्याचा दाम ताबडतोब हातीं पडतो. मधल्यामध्यें पैदाशीचा बोकड मात्र पोरका. तो कळपाबरोबर हिंडतो, शेळ्यांच्या मागें धांवण्यांत चरणें विसरतो, आणि संध्याकाळीं दुभत्या शेळ्यांस भरडा घालतांना त्यास काठीनें बाजूस सारलें जातें. माजाच्या दिवसांत बोकड अन्नावर फारसा तुटून पडत नाहीं, त्याचें वजन उतरतें. म्हणून त्याच्या अंगीं आधींची शिदोरी असली पाहिजे. ती शिदोरी आम्ही बांधूनच देत नाहीं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे पैदाशीस राहतो तो बोकड बहुधा उरलेला असतो. जुळ्यांपैकीं जें करडूं अंगानें भरतें, त्याला खाटिकाचा भाव आधीं येतो. आखाडाच्या जेवणावळी आल्या म्हणजे उरलेसुरले चांगलेही जातात, आणि मागें राहिलेलें किडकिडीत करडूं कळपाचा बाप होतें. उस्मानाबादी ही आमच्या भागाची शेळी. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें, जातीचें नांव मात्र तेंच राहिलें. काटक, बहुधा काळी, जुळीं देण्यांत प्रसिद्ध, अशी ही जात आमच्याच घरीं अशा उलट निवडीनें लहान होत चालली आहे, अशी आमची समजूत आहे. चांगल्या नराची निवड करडूं तीन महिन्यांचें असतांनाच करावी. तें जुळ्यांतील असावें, आई दुधाळ असावी, आणि त्या दिवसापासून त्यास विकाऊ माल समजूं नये. लहानपणीं अर्धपोटीं राहिलेला बोकड वयांत उशिरा येतो, कारण वयांत येणें हें महिन्यांपेक्षां वजनावर अधिक अवलंबून असतें. घरीं तसा नर नसेल तर बाहेरून आणावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचें प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यांत, सांगोला तालुक्यांतील महूद येथें आहे; तेथें चौकशी करावी. शिवाय एकच बोकड फार काळ ठेवला कीं तो स्वतःच्या पाटींस लागूं लागतो. तो विषय निराळा, पण खुराकाचा खर्च अशा बोकडावर करण्यांत अर्थ नाहीं, एवढें येथें नमूद करतों.

आतां प्रत्यक्ष खाण्याविषयीं. चाळीस किलो वजनाच्या बोकडास दिवसाला सुमारें सव्वा ते दीड किलो कोरडें अन्न लागतें, हिरव्या वैरणींतील पाणी वजा करून. पैकीं साधारण ७०० ग्रॅम तुरीचें किंवा हरभऱ्याचें भुसकट आणि कडब्याची कुट्टी, दीड ते दोन किलो हिरवा पाला, व ३०० ग्रॅम खुराक असा हिशेब बसवावा. आपल्याकडील शाळूचा कडबा, विशेषतः मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ चा, जनावरें आवडीनें खातात, आणि पोट भरण्यास तो उत्तम आहे. परंतु प्रथिनांच्या दृष्टीनें तो हलका, आणि उन्हांत वाळून महिनोन्‌महिने गंजींत पडल्यावर त्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचें मूळद्रव्य जवळजवळ उरत नाहीं. पांढऱ्या ज्वारीच्या दाण्यांतही तें नसतें. पिवळ्या मक्यांत थोडें असतें. हें जीवनसत्त्व बोकड आपल्या यकृतांत कांहीं महिने सांठवून ठेवूं शकतो. दिवाळीपर्यंत खाल्लेल्या हिरव्याची पुंजी उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपत येते, आणि ती संपली म्हणजे वृषणांतील बीज घडविणारा पदरच झिजूं लागतो. म्हणून एप्रिल-मे मध्यें दररोज ओंजळभर का होईना, पण खरोखर हिरवें असें कांहीं बोकडाच्या तोंडीं पडलें पाहिजे. लसूणघास असल्यास उत्तम. नसल्यास शेवरी, हादगा, शेवगा, बोर, सुबाभूळ यांपैकीं जें विहिरीच्या पाटाकडेला जगलें असेल तें तोडून घालावें. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक देऊं नये. त्यांतील विषारी द्रव्यानें केंस गळतात व प्रकृति बिघडते. उसाचें वाढें सध्यां जिल्ह्यांत सर्वत्र मिळतें, पण त्यांत प्रथिनें थोडीं, आणि त्यांतील ऑक्झॅलेट अन्नांतील चुना बांधून टाकतें. नुसत्या वाढ्यावर बोकड ठेवणें बरें नव्हे.

खुराकाचें मिश्रण घरींच करतां येतें. शंभर किलोंत मक्याचा भरडा ४५, शेंगदाण्याची किंवा साल काढलेल्या करडईची पेंड २०, तुरीची वा हरभऱ्याची चुनी २०, गव्हाचा कोंडा १२, खनिज मिश्रण २ व मीठ १ किलो, असें प्रमाण आमच्या भागास सोयीचें आहे. पेंडेस बुरशी आलेली असली तर ती स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. खनिज मिश्रण कित्येकांस चैनीची बाब वाटते. परंतु आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत जस्ताची उणीव वारंवार आढळते, जमिनींत नाहीं तें वैरणींत कोठून येणार, आणि जस्तावांचून कोवळ्या बोकडाचीं वृषणें वाढत नाहींत. दोन किलो मिश्रण शंभर किलोंत म्हणजे एका बोकडास दिवसाला सहा ग्रॅम. यापेक्षां सुपारीस अधिक पैसे जात असतील.

सरकीच्या पेंडेविषयीं मात्र आम्हांस सावधगिरीची सूचना द्यावयाची आहे, कारण दुभत्या जनावरांस ती मानवते म्हणून पुष्कळजण डोळे मिटून बोकडासही घालतात. सरकींत गॉसिपॉल नांवाचें द्रव्य असतें. विसाव्या शतकाच्या मध्यास चीनमधील कांहीं गांवांत कच्चें सरकीचें तेल रोजच्या स्वयंपाकांत वापरलें जाऊं लागल्यावर तेथील जोडप्यांस मुलें होईनाशीं झालीं. शोध करतां पुरुषांच्या बीजावर या द्रव्याचा परिणाम झाल्याचें दिसून आलें. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत त्याचा बराचसा भाग निष्प्रभ होतो हें खरें, तरी वळूंस फार सरकी चारल्यास त्यांच्या शुक्रजंतूंत व्यंगें आढळलीं आहेत. कोवळ्या करडांचें पोट तर हें विष पेलूं शकत नाहीं. तेव्हां शेळ्यांस सरकी व बोकडास करडई-शेंगदाणा, अशी वाटणी करावी. करडईचें पीक आमच्या जिल्ह्यांत पूर्वापार असल्यानें त्यांत अडचण येऊं नये.

दुसरा धोका अतिरेकाचा. हा लेख वाचून कोणी उद्यां सकाळीं बोकडापुढें किलोभर मका ओतील, तर संध्याकाळपर्यंत त्याचें पोट आंबून तो आडवा होईल. जगला तरी त्या आजाराच्या तापानें पुढील दोन महिन्यांचें बीज खराब होईल. शंभर ग्रॅमपासून आरंभ करून पंधरवड्यांत तीनशेंवर यावें. त्याचप्रमाणें नुसता गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून पाटीभर घालणें हेंही घातक. कोंड्यांत स्फुरद चुन्याच्या कित्येक पट असतें, आणि त्यानें मूत्रमार्गांत खडे धरतात. शेळीची मूत्रनलिका रुंद असल्यानें तिच्यांतून ते निघून जातात. बोकडाची अरुंद व वळणाची, त्यांत खडा अडकून बसतो. बोकड पाय ताणून कुंथतो, पोटावर लाथा मारतो, कण्हतो. धनी त्यास बद्धकोष्ठ समजून तेल पाजतो, आणि दोन दिवसांत मूत्राशय फुटून जनावर जातें. अन्नांत स्फुरदाच्या दुप्पट चुना असावा, मीठ असावें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पाणी. मे महिन्यांत सावलींतलें स्वच्छ पाणी दिवसांतून तीन वेळां दाखविलें पाहिजे. लघवी अडल्याचा संशय येतांच घरगुती उपाय न करतां पशुवैद्यास बोलवावें.

कांहीं जुने जाणते शेतकरी म्हणतात कीं माजलेला बोकड कामाचा नसतो, हडकुळाच चपळ असतो. या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे व तें आम्ही मान्य करतों. चरबी चढलेला बोकड सुस्तावतो, खुरांनीं अधू होतो, आणि वृषणाच्या पिशवीच्या मानेभोंवतीं चरबी सांचून तेथील उष्णता बाहेर पडत नाहीं. वृषणें शरीरापेक्षां चारपांच अंश थंड असावीं लागतात. आमच्या जिल्ह्याच्या उन्हांत हें आधींच कठीण. म्हणून ईदेचा बोकड व पैदाशीचा बोकड यांचा खुराक एक नव्हे. हाताची परीक्षा सोपी आहे. कमरेच्या मणक्यावर व बरगड्यांवर बोटें फिरवावीं. हाडें टोंचत असतील तर खुराक वाढवावा, दाबूनही लागत नसतील तर कमी करून बोकडास फिरवावें. वृषणें दाबून पाहतां ताठ, लवचिक लागलीं पाहिजेत. पिठाच्या गोळ्यासारखीं मऊ लागलीं तर तो हंगाम त्या बोकडावर सोंपवूं नये. शिंप्याची मोजपट्टी पिशवीच्या रुंद भागाभोंवतीं धरून एप्रिलच्या आरंभीं व जूनच्या आरंभीं माप लिहून ठेवावें. आंकडा वाढला असला तर पेंडेचे पैसे कोठें गेले याचें उत्तर त्यांतच मिळेल.

खर्चाचा आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे. त्याचा हिशेब असा: एप्रिलच्या मध्यापासून साठ दिवस तीनशें ग्रॅमप्रमाणें १८ किलो, पुढें माजाच्या हंगामाचे पंचेचाळीस दिवस साडेचारशें ग्रॅमप्रमाणें सुमारें २० किलो, एकूण ३८ किलो. बोकडामागें पंचवीस शेळ्या धरल्या तर दर शेळीस दीड किलो खुराक पडतो. एका करडाच्या किंमतींत हा सगळा खर्च निघून वर शिल्लक राहते, आणि उस्मानाबादी शेळी तर बहुधा दोन देते.

तरीही एकट्या बोकडवाल्यानें हा भार कां सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. गांवांत बोकड एकाचा, शेळ्या वीस घरच्या, आणि फायदा सर्वांचा, अशी स्थिति असल्यानेंच बोकड उपाशी राहतो. शेळ्या पाळणाऱ्यांत बहुतेक कष्टकरी बायका. त्यांस रोख मागणें बरें दिसत नाहीं. आम्हांस असें सुचतें कीं, आमच्या संघाच्या प्रत्येक गांवांतील सभासदांनीं पाडव्याच्या सुमारास, रब्बीची रास घरांत असतांनाच, शेळीमागें दोन किलो ज्वारी, मका किंवा चुनी अशी वर्गणी जमवावी. ज्याच्या दोन शेळ्या आहेत त्यास ती जड नाहीं, आणि ज्या जमीनदार सभासदाच्या बांधावर या शेळ्या वर्षभर चरतात व ज्याच्या शेतास त्यांच्या लेंड्यांचें खत मिळतें, त्यानें पेंड व खनिज मिश्रण आपल्याकडून घालावें. धान्य बोकडवाल्याच्या घरीं न ठेवतां तिऱ्हाईताकडे ठेवून आठवड्याचें मापून द्यावें. नाहीं तर तें दुभत्या म्हशीच्या पाटींत जाईल, हें आम्ही कोणाचाही अनमान न करतां स्पष्ट सांगतों. बोकड दुपारीं झाडाखालीं बांधावा, कळपांत मोकळा न सोडतां माजावर आलेली शेळी त्याच्याकडे आणावी, वर्षाच्या आंतल्या बोकडास कामास लावूं नये, आणि पहिल्या हंगामांत त्यावर निम्म्याच शेळ्या सोंपवाव्या. हंगाम संपतांना खुराक एकदम तोडूं नये. पंधरा दिवसांत उतरवीत दोनशें ग्रॅमवर आणावा, व तेवढा चालूं ठेवावा. कारण दिवाळीच्या आगेंमागें शेळ्यांचा दुसरा माज येतो, आणि त्या वेळचें बीज भाद्रपदांत घडूं लागलेलें असतें.